इडा फायफर: बैलगाडीतून अजिंठा, वेरूळ, पुणे, मुंबई (१८४८)

गोदाकाठ

गेले दोन महिने एका बाईने माझं डोकं खाल्लं आहे, आता तुमचं खायला धागा काढतेय.

बाईचं नाव इडा फायफर. व्हिएन्नाची. जन्म १४ ऑक्टोबर १७९७. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत तिने चारचौघींसारखा संसार केला, दोन मुलगे वाढवले. ते हाताशी आल्यावर २२ मार्च १८४२ ला ती डॅन्यूब नदीतल्या बोटीत बसली. घरी सांगितलं, कॉन्स्टँटिनोपलला मैत्रिणीकडे जाते. गेली जेरुसलेमला, तिथून इजिप्तला. निघण्याआधी मृत्युपत्र करून ठेवलं होतं, म्हणजे मैत्रिणीची थाप कोणासाठी होती ते कळलंच असेल.

परत आल्यावर एका प्रकाशकाने तिची रोजनिशी सातशे गुल्डनना (ऑस्ट्रियाचं तेव्हाचं नाणं) घेतली. पुस्तक निघालं, पहिल्यांदा लेखिकेच्या नावाशिवाय. त्या पैशातून १८४५ मध्ये आइसलँड. जाण्याआधी बाई इंग्रजी आणि डॅनिश शिकली, कीटक आणि वनस्पती टिकवून कशा ठेवायच्या ते शिकली, तेव्हा नवीनच निघालेलं डॅगेरोटाइप छायाचित्रणही शिकून घेतलं. तिथे हेक्ला ज्वालामुखीवर चढली. मग १८४६ ते १८४८ पृथ्वीप्रदक्षिणा, १८५१ ते १८५५ दुसरी पृथ्वीप्रदक्षिणा, शेवटी मादागास्कर. समुद्रावरचे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर आणि जमिनीवरचे बत्तीस हजार, असा हिशोब तिच्या चरित्रांत देतात. विमान सोडा, सुएझचा कालवाही तेव्हा नव्हता.

पण मी धागा काढला तो वेगळ्या कारणाने. पहिल्या प्रदक्षिणेत ती ब्राझील, चिली, ताहिती, चीन, सिंगापूर, सिलोन करत ४ नोव्हेंबर १८४७ ला कलकत्त्याला उतरली. काशी, आग्रा करत दिल्लीला आली. दिल्लीत डॉ. स्प्रेंगर हे तिच्याच देशाचे विद्वान दिल्ली कॉलेजचे प्राचार्य होते, त्यांच्या घरी राहिली. तिथून मुंबईला जायचा रूढ मार्ग सोडून ही बाई कधी बैलगाडी, कधी उंट अशी कोटा, उज्जैन, इंदूर, अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद, पुणे करत मुंबईत पोचली. (औरंगाबाद की संभाजीनगर यावर कृपया धागा वळवू नका. बाई आली तेव्हाचं नाव लिहितेय.)

सामान काय? पाण्याची कातडी पिशवी, एक छोटं पातेलं, मीठ, थोडे तांदूळ आणि पाव. झोपायला गाडी किंवा सराई. हिंदुस्थानीचे मोजके शब्द, बाकी कारभार खुणांवर.

तिचं पुस्तक जर्मनमध्ये १८५० साली तीन भागांत आलं. नावाचा अर्थ साधारण 'एका बाईची जगसफर'. इंग्रजी भाषांतर लगोलग झालं, मी तेच वाचतेय. आपल्याकडे अजिंठ्याच्या गप्पा निघाल्या की वाघाच्या शिकारीला जाऊन लेणी सापडलेला जॉन स्मिथ, आणि चित्रकार रॉबर्ट गिल व त्याची तिथली प्रेयसी पारो, एवढंच चालतं. गिल अजिंठ्यात चित्रांच्या नकला करत असतानाच ही तिथे येऊन गेली. हिचं नाव मी चाळिशी उलटेपर्यंत ऐकलं नव्हतं. तुमच्यापैकी कोणी ऐकलंय?

---

तिरकसराव

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचतो.

---

आजीचा बटवा

नाही ऐकलं बाई. पण मला पहिला प्रश्न पडला तो नवऱ्याचा. होता कुठे तो? आणि पैसे कुठून आले? आमच्याकडे त्र्यंबकेश्वरला जायचं तरी चार जणांना विचारावं लागतं.

---

गोदाकाठ

@आजीचा बटवा, नवऱ्याची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगते.

वडील कापडाचे कारखानदार. त्यांनी हिला भावांबरोबर मुलासारखं वाढवलं, कपडेही मुलाचेच. वडील गेले, आईने फ्रॉक चढवला आणि पियानोपुढे बसवलं. पियानो टाळायला ही बोटं कापून घ्यायची, लाखेने भाजून घ्यायची. १८०९ मध्ये नेपोलियन व्हिएन्नात आला. सैन्याची पाहणी करत तो समोरून गेला, तेव्हा अकरा वर्षांच्या या पोरीने त्याला पाठ दाखवली.

मग घरी शिकवायला आलेल्या शिक्षकावर जीव जडला. आईने नकार दिला. शेवटी १८२० मध्ये लेम्बर्गच्या (आजचं युक्रेनमधलं लविव) डॉ. फायफर नावाच्या विधुर वकिलाशी लग्न, तो चोवीस वर्षांनी मोठा. माणूस सरळ होता. फारच सरळ. लाचखोर अधिकाऱ्यांना त्याने उघडं पाडलं, मग त्याचीच नोकरी गेली आणि पुढे कोणी काम देईना. बाई चोरून संगीताच्या आणि चित्रकलेच्या शिकवण्या करायची. पियानो टाळायला बोटं भाजणारी पोर पियानोवरच घर चालवत होती, हे वाचून मला गलबलून आलं. आई गेल्यावर वारशाचे थोडे पैसे मिळाले, मुलांचं शिक्षण झालं. १८३५ पासून ती व्हिएन्नात वेगळी राहत होती, १८३८ मध्ये नवरा गेला.

प्रवासाचा पैसा म्हणजे काटकसर, पुस्तकांचं मानधन आणि गोळा केलेले किडे, मासे, शिंपले, वनस्पती संग्रहालयांना विकून मिळालेले पैसे. पुढे नाव झाल्यावर जहाजांचे कप्तान फुकट नेऊ लागले. दुसऱ्या प्रदक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सरकारने दीड हजार गुल्डन दिले.

---

आजीचा बटवा

लाच पकडून दिली म्हणून पकडणाऱ्याचीच नोकरी गेली. म्हणजे तिकडेही तेच.

---

लेणीवेडा

वाचनखूण साठवली आहे. अजिंठा आणि वेरूळबद्दल ती नेमकं काय म्हणते? मापं दिलीत का? त्या काळच्या कोणाही पाहुण्याने किती लेणी पाहिली आणि कोणती बुजलेली होती हे नोंदवलं असेल तर आमच्यासारख्यांना सोनं आहे. वास्तू-अभ्यासक फर्ग्युसनचा लेण्यांवरचा निबंधही याच सुमाराचा, १८४० च्या दशकातला.

---

गोदाकाठ

@लेणीवेडा, तुमची थोडी निराशा होणार. ती लेणी अभ्यासक म्हणून बघत नाही. वाटेतली माणसं आणि वस्तू जास्त मन लावून बघते. प्रकरणांच्या मथळ्यांची यादीच बघा: ठग, गुरांचा बाजार, विहिरी आणि तळी, इथल्या लोकांचा चांगुलपणा (हा खरंच मथळा आहे), अफूची शेतं, सती, उंटावरचा प्रवास, इंदूरचा दरबार, बर्फ कसा करतात, अजिंठ्याची लेणी, वाघाची शिकार, वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला, पुणे, लग्नाच्या वराती, मूर्ख गाडीवान, मुंबई, पारशी, घारापुरी, साष्टी.

बर्फाची गंमत तुम्हाला माहीत असेलच. थंड, कोरड्या, निरभ्र रात्री पेंढ्यावर उथळ मातीच्या ताटल्यांत पाणी ठेवायचं, पहाटेपर्यंत वर पापुद्रा धरतो, तो उजाडायच्या आत गोळा करायचा. उत्तर हिंदुस्थानात यंत्राआधी बर्फ असाच व्हायचा. तिला लेण्यांइतकंच याचंही कौतुक.

आणि वाघ. वेरूळच्या बाजूला काही साहेबलोक शिकारीला निघाले होते, ही त्यांच्याबरोबर हत्तीवर चढली. भीती वाटत होती पण कोणाला दिसू दिली नाही, हे तिनेच प्रामाणिकपणे लिहिलंय.

---

तिरकसराव

वाचलं. रुमाल उचलतो आणि खडा टाकतो.

बाई धाडसी होती, मान्य. पण 'एकटी बाई, बैलगाडीने' हे जे चित्र उभं केलंय त्यात थोडी गोम आहे. दिल्लीत प्राचार्यांकडे मुक्काम. इंदूरला रेसिडेंट (दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी) हॅमिल्टन. जिथे जाईल तिथे साहेबाचं पत्र, साहेबाचा बंगला आणि सोबत साहेबाने दिलेला चपराशी. कंपनी सरकारचा वचक नसता तर ही गाडी किती कोस गेली असती? त्याच रस्त्याने एखादी आपली विधवा अशी पातेलं घेऊन निघाली असती तर?

दुसरं. ती 'भूगोलकार' वगैरे म्हणवली जाते असं दिसतं. भूगोलकार कशी? तिने काय मोजलं?

---

नकाशे

तिरकसरावांचा दुसरा मुद्दा माझ्या विषयातला आहे, म्हणून लिहितो. (एरवी मी वाचनमात्र असतो.)

मोजलं काहीच नाही. ना षष्ठकयंत्र, ना अक्षांश-रेखांश. त्या अर्थाने ती भूगोलकार नव्हे. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भूगोल म्हणजे नुसती मोजणी नव्हती. कोणत्या खोऱ्यातून कोणत्या खोऱ्यात माणूस जाऊ शकतो, वाटेत कोण राहतं, काय खातं, नदी कुठवर होडी घेते, ही माहितीच नकाशावरच्या कोऱ्या जागा भरत होती. दुसऱ्या प्रदक्षिणेत ती बोर्निओत सारावाकहून नदीमार्गे आत शिरली, पाणलोटाची रांग ओलांडली आणि पलीकडे पोंतियानाकला उतरली. डायाक या तिथल्या आदिवासींच्या मुलखातून. सुमात्रात बताक लोकांच्या सिलिंदुंग खोऱ्यापर्यंत गेली. युंगहून नावाचा जर्मन शास्त्रज्ञ तिच्याआधी बताक मुलखात फिरला होता, त्यामुळे 'पहिली' वगैरे शब्द जपून वापरावेत. पण तोबाच्या मोठ्या तळ्याच्या दिशेने ती जिथवर पोचली तो भाग युरोपियनांना जवळपास अपरिचितच होता.

बर्लिनच्या भूगोल संस्थेने तिला सन्माननीय सभासद केलं. मागे हुम्बोल्ट आणि कार्ल रिटर होते, म्हणजे त्या काळातले या विषयाचे दोन बाप. पॅरिसच्या संस्थेनेही सभासद केलं. प्रशियाच्या राजाने सुवर्णपदक दिलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मात्र नाही, कारण नियमात बाई बसत नव्हती. लंडनने १८९२ मध्ये बावीस बायकांना आत घेतलं, १८९३ मध्ये दार परत लावलं आणि १९१३ मध्ये कायमचं उघडलं.

आता याच्या शेजारी नैनसिंह रावत ठेवा. कुमाऊंचा शाळामास्तर. १८६५-६६ मध्ये ल्हासापर्यंत गेला, पावलं मोजत. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळ एकशे आठ ऐवजी शंभर मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. प्रार्थनाचक्रात नोंदींचे कागद लपवलेले. याने सगळं मोजलं, पण कित्येक वर्षं सरकारी कागदांत तो नुसता 'पंडित'. लंडनचं सुवर्णपदक १८७७ मध्ये मिळालं. एकीचं नाव होतं, मोजमाप नव्हतं. दुसऱ्याचं मोजमाप होतं, नाव नव्हतं.

---

शब्दखुणा

नकाशे, तुम्ही वाचनमात्र राहू नका हो. +१

---

गोदाकाठ

@नकाशे, आभार. बताकांचा किस्सा तुम्ही संकोचाने गाळला, तो मी सांगते.

त्या मुलखात १८३४ मध्ये दोन अमेरिकन मिशनऱ्यांना मारलं होतं, आणि तिथले लोक माणसं खातात अशी ख्याती. हिला सगळ्यांनी परोपरीने सांगितलं, जाऊ नको. ही गेली. एका ठिकाणी भालेवाल्यांनी वेढलं, गळ्यावर हात फिरवून पुढचा बेत समजावला. हिने मलय आणि बताक शब्दांची खिचडी करून पाठ केलेलं वाक्य टाकलं: मी म्हातारी बाई आहे, माझं मांस चिवट लागेल, मला खाऊन काय करता! ते हसले आणि वाट दिली. पुढे तोबाच्या अलीकडे मात्र खरोखरच परतावं लागलं.

@तिरकसराव, पहिला मुद्दा मला बोचला, कारण तो बरोबर आहे. त्यावर विचार करून लिहिते.

---

तिरकसराव

चिवट मांसाच्या किश्शाचा साक्षीदार एकच, ती स्वतः. परतल्यावर पुस्तक खपवायचं होतं हेही लक्षात ठेवा. खोटी म्हणत नाही. आमच्या गावचे एक काका दरवर्षी बिबट्या सांगतात, दरवर्षी तो वीतभर वाढतो.

---

खानदेशी भरीत

इंदूर ते अजिंठा हा आमचा रस्ता, म्हणून थोडी भर. जुनी वाट सिमरोळच्या घाटाने उतरते, बडवाहला नर्मदा, मग असीरगडाच्या पायथ्याने बुऱ्हाणपूर, तापी ओलांडून खानदेश. पुढे फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट. फेब्रुवारीचा शेवट, मार्च म्हणजे नदीला उतार असणार, गव्हाची कापणी चालू असणार आणि दुपारी उन्हाचा चटका बसायला सुरुवात. मी हा रस्ता यष्टीने शंभरदा केलाय. आज चार-पाच तासांत माणूस वैतागतो.

एक विचारायचं होतं. तेव्हा सरहद्दी किती लागल्या असतील? इंदूर होळकरांचं, अजिंठा आणि औरंगाबाद निजामाचं, पुणं आणि मुंबई कंपनीचं. प्रत्येक ठिकाणी नाकं, जकात. बैलगाडीतल्या पातेल्यावर कोणी जकात लावली नाही ना?

---

गोदाकाठ

@खानदेशी भरीत, पातेलं वाचलं बहुतेक. :)

तिच्या स्वभावाची दुसरी बाजू सांगायलाच हवी, नाहीतर मी आरती ओवाळतेय असं वाटेल. ब्राझीलमधल्या काळ्या माणसांच्या रूपाबद्दल तिने जे लिहिलंय ते आज वाचवत नाही. आइसलँडच्या लोकांना आळशी आणि अस्वच्छ ठरवलं. पाहुणचार कमी पडला की पानभर नाराजी. बायकांनी घर सोडून फिरावं असंही तिचं म्हणणं नव्हतं, मुलं मोठी झाली म्हणून आपण निघालो हे ती पुन्हा पुन्हा सांगते.

आणि त्याच बाईने डायाकांविषयी लिहिलं की ही प्रामाणिक, सुस्वभावी, मर्यादशील माणसं आहेत. त्यांनी कापून टांगलेली मुंडकी बघून तिला शहारा आला, पण लगेच तिने युरोपकडे बोट दाखवलं: आपल्या इतिहासाचं पान न पान युद्धांनी आणि खुनांनी भरलंय, आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

परतीच्या वाटेवर बगदाद ते मोसुल खेचरवाल्यांच्या काफिल्याबरोबर चौदा दिवस, खायला भाकरी, खजूर, काकडी. तिथून कुर्दिस्तान ओलांडून ताब्रीझ. कुठे केसाला धक्का नाही. रशियाच्या हद्दीत शिरली आणि एका कोसॅकने (रशियाच्या घोडेस्वार शिपायाने) संशयावरून पकडून रात्रभर डांबलं. तेव्हा ती हिंदू, अरब, तुर्क, इराणी सगळ्यांची आठवण काढते, की त्यांच्या मुलखांतून सुखरूप आले आणि ख्रिस्ती देशात ही गत झाली.

बाय द वे, मुंबई ते बसरा हा प्रवासही वाचण्यासारखा आहे. मुंबईत ती हॅम्बुर्गच्या कॉन्सुलकडे राहिली होती. २३ एप्रिल १८४८ ला निघालेली बोट इवलीशी आणि खच्चून भरलेली. डेकवर पाय ठेवायला जागा नाही म्हणून बाईने कप्तानाच्या जेवणाच्या टेबलाखाली पथारी टाकली. त्यात बोटीवर देवी निघाल्या, माणसं दगावली.

---

शमी

१८४८ म्हणजे पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली तेच वर्ष! ती पुण्यातून जात होती आणि सावित्रीबाई... अंगावर काटा आला.

---

तिरकसराव

@शमी, काटा येऊ द्या, पण दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुण्यातली तिची दोन-चार पानं वराती आणि गाडीवान यांवरच खर्च झालेली दिसतात.

---

शमी

संबंध आहे असं मी म्हटलंच नाही. एका वर्षात दोन गोष्टी घडल्या एवढंच. तेवढाही आनंद मिळू द्या की.

---

व्हिएन्नाकर

उशिरा आलो. गेली अकरा वर्षं इथे आहे आणि मला ही बाई इथे येऊन कळली, तीही दफनभूमीमुळे. ती वारली २७ ऑक्टोबर १८५८ च्या रात्री, भावाच्या घरी. कारण मादागास्कर.

ती कथा गोदाकाठ यांनी अजून सांगितली नाही, म्हणून थोडक्यात. तिथे राणी रानावालोना पहिली, युरोपियनांची कट्टर वैरीण. हिला आणि सोबतच्या फ्रेंच व्यापाऱ्याला, लांबेरला, दरबारात बोलावलं. हिने राणीपुढे पियानो वाजवला. (तोच पियानो!) वाद्य बेसूर होतं. इकडे लांबेर आणि मंडळी राणीला उतरवून राजपुत्राला बसवायचा कट करत होती. हिला तो उशिरा कळला. कट फुटला, जुलै १८५७ मध्ये सगळ्यांची हकालपट्टी झाली. राजधानीपासून किनाऱ्यापर्यंतची थोड्या दिवसांची वाट सैनिकांनी मुद्दाम त्रेपन्न दिवस रखडवली, तापाच्या दलदलीतून. तो ताप तिच्या अंगातून गेलाच नाही. मादागास्करचं पुस्तक ती गेल्यावर १८६१ मध्ये धाकट्या मुलाने, ऑस्करने, छापलं.

आधी तिला संक्ट मार्क्सच्या दफनभूमीत पुरलं होतं, मोझार्टही तिथलाच. १८९२ मध्ये इथल्या स्त्री-शिक्षणासाठी काम करणाऱ्या मंडळाने खटपट करून तिचे अवशेष मध्यवर्ती दफनभूमीत मानाच्या जागी हलवले. तो मान मिळालेली ती पहिली बाई. नकाशे यांनी लंडनचं १८९२ सांगितलं, तेच वर्ष.

तिथे एकाहत्तर नंबरची ट्राम जाते. इथली माणसं कोणी वारलं की म्हणतात, 'त्याने एकाहत्तर पकडली.' रविवारी जाऊन येतो.

---

लेणीवेडा

'एकाहत्तर पकडली' हे आवडलं. आपल्याकडचं 'तिकीट काढलं' याच घराण्यातलं.

एक प्रश्न: तिने गोळा केलेल्या नमुन्यांचं काय झालं?

---

नकाशे

बरेचसे व्हिएन्नाच्या संग्रहालयात, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने घेतले. मोलुक्का बेटांतल्या सेरामच्या एका काडीकिड्याचं शास्त्रीय नाव तिच्यावरून आहे, मायरोनाइडिस फायफरी. डार्विननेही माणसाच्या उत्पत्तीवरच्या पुस्तकात तिचा हवाला दिलाय, जावात गोरी नव्हे तर पिवळसर वर्णाची मुलगी सुंदर समजतात एवढ्यापुरता. अमेरिकेत लेखक थोरोने 'वॉल्डन' या पुस्तकामध्ये तिला आणलं ते कपड्यांवरून. रशियाच्या हद्दीत आल्यावर तिने प्रवासाचे कपडे बदलले, कारण आता सुधारलेल्या देशात आलो, इथे माणसाची किंमत कपड्यांवरून करतात! हुम्बोल्ट, डार्विन, थोरो, तिघांच्या टेबलावर होती. विसरली गेली ती नंतर.

---

गोदाकाठ

आता तिरकसरावांचं देणं फेडते.

तुमचा खडा डोक्यात घेऊन मी दिल्ली ते मुंबई हा भाग परत वाचला. यावेळी ती काय करते यापेक्षा तिच्या आजूबाजूला कोण काय करतंय ते बघत वाचलं. आणि 'एकटी' हा शब्द हातातून निसटला. गाडी हाकणारा आहे. चपराशी आहे. उंटवाला आहे. कोट्याच्या राजाने दिलेले शिपाई आहेत. पाणी काढून देणारं, दूध आणणारं, मुक्कामाला जागा दाखवणारं गाव आहे. ती स्वतःच त्यांच्या चांगुलपणाचा मथळा देते, पण नाव एकाचंही देत नाही. स्प्रेंगर, हॅमिल्टन, बर्डन या साहेबांची नावं मात्र आहेत.

तरीही एक सांगते. साहेबांच्या मडमा पालखीत, तंबू, खानसामा, बारा नोकर घेऊन फिरत होत्या. ही रस्त्यावरच्या माणसांच्या उंचीवर बसून आली. म्हणून तिला गाडीवान दिसला तरी. मूर्ख म्हणून का होईना.

तो पुण्याच्या बाजूचा गाडीवान कुठेही थांबतो, वेळ काढतो, सांगितलेलं ऐकत नाही, ही तिची तक्रार. मी हा भाग मराठीत करायला घेतलाय, याच धाग्यावर टाकेन.

---

खानदेशी भरीत

टाकाच. पण गाडीवानाच्या वतीने मी उभा राहतो. माझा आजा भाड्याने गाडी मारायचा.

तो कुठेही थांबतो म्हणे. बैल तासाला कोसभर चालतो, फार तर थोडा जास्त. उन्हाळ्याचे दिवस. पहाटे जुंपायचं, दहाच्या सुमाराला सोडायचं, सावलीत बांधायचं, पाणी दाखवायचं. मग बैल बसून रवंथ करतो. त्यात घाई केली तर दुसऱ्या दिवशी बैल उठत नाही. दुपार कलली की परत जुंपायचं. कण्याला वंगण घालायला थांबायचं, नाहीतर चाक करकरून आख पेटतो. उन्हाने लाकूड आकसतं, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल होते, मग ओढ्यात चाक भिजवत ठेवायचं, तेव्हा तर अर्धा दिवस मोडला. जुवाखाली बैलाची मान सोलली असेल तर हळद-तेल लावून दोन दिवस विश्रांती. आजा म्हणायचा, भाडं शेटचं असतं, बैल आपला असतो.

आणि त्या बाईला भाषा येत नाही. हा गडी तिला हे सगळं सांगत असणार, हातवारे करून, आणि ती लिहितेय 'मूर्ख'.

---

तिरकसराव

उभा राहून टाळ्या. गोदाकाठ, भाषांतरात हा प्रतिसाद तळटीप म्हणून घालाच.

---

आजीचा बटवा

हळद-तेल नाही हो, आमच्याकडे करंजाचं तेल लावायचे. बाकी सगळं खरं.

---

खानदेशी भरीत

करंजाचंही लावतात. तिकडे करंज फार, आमच्याकडे जे घरात असेल ते.

---

व्हिएन्नाकर

रविवारी जाऊन आलो. पाऊस होता, ट्राम जवळजवळ रिकामी. बेथोवेन आणि शुबर्टकडे छत्र्यांची रांग. तिच्यापाशी मी एकटाच, आणि एक माळी पालापाचोळा गोळा करत होता. त्याला विचारलं, इथे कोणी येतं का? म्हणाला, म्हाताऱ्या बायका येतात, बहुतेक दोघी-दोघी.

फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीये. रात्री परत बघतो.

---

गोदाकाठ

फोटोची वाट बघतेय. भाषांतराचा पहिला तुकडा शनिवारी टाकते. कोटा, उज्जैन सोडून गाडीवानापासूनच सुरुवात करते, आणि @खानदेशी भरीत, 'धाव' आणि 'आख' हे शब्द तुमच्याकडून उसने घेतेय.